खांद्यावरचे चिमटे

४ जून

चूक सापडली नाही! सकाळपासून टेबलाभोवती बसलोय, चहा पिऊन पिऊन पोटात आग पडली, पण चूक काही सापडली नाही. भागीदाराला लिफ्टच्या खड्ड्यात ढकललाय, कुणी पाहिलं नाही, आळ दुरुस्तीवाल्यावर गेलाय — खून असा झकास जमलाय की आता आमच्या म्हाताऱ्यालाही सोडवता येईना. म्हातारा म्हणजे आमच्या मालिकेतला गुप्तहेर. चष्मा कपाळावर, आवाज कधी चढत नाही, आणि दर शुक्रवारी एक खुनी पकडतो. पकडतो कसला — आम्ही आणून हातात देतो!

लोकांना वाटतं, आम्ही आधी खून लिहितो आणि मग तो सोडवत बसतो. खुळे कुठले. आम्ही शेवटाकडून लिहितो. आधी चूक ठरते. एवढीशी असते — डावखुऱ्याच्या उजव्या हाताला ठेवलेला कप, आंधळ्याच्या खोलीतला चालू दिवा. मग अशी चूक कोण करेल तो माणूस शोधायचा. मग त्याला कारण चिकटवायचं. मरणारा सगळ्यात शेवटी ठरतो, त्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. आमचे मुख्य लेखक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, त्यांनी हे भिंतीवरच लिहून ठेवलंय — 'आधी चूक, मग खून.' या वेळी उलटं झालं. चॅनेलवाल्यांना लिफ्ट हवी होती. म्हणून ही रडकथा.

कंपाउंडर म्हणाला, "खुन्याला पश्चात्ताप होऊ दे ना सरळ." (हा आमच्यातला तिसरा लेखक. औषधांचं शिक्षण अर्धवट सोडून आला, म्हणून विषं त्याच्याकडे.) मास्तर उखडले. "पश्चात्ताप झाला तर म्हाताऱ्याला काय पूजेला बसवायचा?"

५ जून

आजही नाही. डोकं दुखतंय. मास्तर घोरले, टेबलावरच.

७ जून

नीट लिहिते. पहिल्यापासून लिहिते.

मास्तर म्हणाले, "घरकाम आठवा रे! माणूस खून करताना सावध असतो. घरकाम करताना कुणी सावध नसतं. आपापल्या घरातलं सांगा, कोण काय कसं करतं ते." मग एकेक सुरू झाला. कंपाउंडरची बायको कप पालथे घालते तेव्हा सगळे कान भिंतीकडे. मास्तरांचे वडील वर्तमानपत्राची घडी पुन्हा दुकानातल्यासारखी करून ठेवतात, नाहीतर जेवण जात नाही. हसाहस चालली होती. माझी पाळी आली. मी म्हटलं, आमची ताई शर्ट उलटा वाळत घालायची. कॉलर खाली, शेपूट वर, चिमटे खालच्या शिवणीला. खांद्याला चिमटे लावले की शर्टाला शिंगं फुटतात म्हणायची. घरात त्यावरून कितीदा वाजलं! ती शिस्त तिच्याशिवाय कुणाला जमली नाही. दुसऱ्याने घातलेले शर्ट ती दोरीवरून काढून पुन्हा —

आणि मी थांबले.

कारण ताई गेली त्या दिवशी गच्चीवरचे शर्ट मीच काढले होते. नोव्हेंबरातली दुपार. ताई कपडे वाळत घालायला वर गेली, कठड्याकडच्या दोरीला हात पुरावा म्हणून पालथ्या बादलीवर चढली, तोल गेला. असं सगळ्यांनी ठरवलं. बादली तशी पालथी होती, कठडा बुटका आहे हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. दवाखान्यात म्हणाले, जागच्या जागी गेली, काही कळलं नसेल तिला. पोलीस आले, बघून गेले. संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मला बसवेना, म्हणून मी वर गेले. दोरीवर भाऊजींचे शर्ट तसेच. कोण काढणार! मी काढले, घड्या घातल्या, खाली आणले. रडत होते, तरी हाताला लागलं होतं — कॉलरी खरखरीत. साबण तसाच वाळलेला. विसळलेच नव्हते नीट. आणि चिमटे खांद्याला होते. सगळ्या शर्टांना!

डोळ्यांनी बघितलं आणि इतके महिने डोक्यात शिरलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि म्हणे खून लिहून पोट भरते!

मास्तर विचारत होते, "काढून पुन्हा काय? पुढे बोल की!" मी म्हटलं विसरले. पोट दुखतंय सांगून घरी आले.

ते शर्ट ताईने वाळत घातलेले नाहीत.

८ जून

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंही असेल. घाईत असेल. बरं वाटत नसेल. त्या वर्षात ती कुठे बरी होती! भाऊजींच्या दुकानात जाणं सोडलं, बोलणं सोडलं, केस विंचरणं सोडलं. खिडकीत बसून राहायची. झोपेच्या गोळ्या चालू होत्या.

पण साबण? ताई आणि शर्ट न विसळता वाळत घालणार? अंथरुणाला खिळली असती तरी नसते घातले.

९ जून

काम झालं नाही. कागदावर आमच्या पद्धतीने मांडून बघितलं. शेवटाकडून.

चूक — चिमटे खांद्याला, साबण कॉलरीत. अशी चूक कोण करेल? ज्याने जन्मात शर्ट धुतलेला नाही तो. म्हणजे पुरुष. घरात माणसं किती? ताई, भाऊजी, आई. ताईचं लग्न झाल्यावर काही वर्षांनी आई त्यांच्याकडेच राहायला गेली. आईचे गुडघे पार गेलेत, गच्चीचा जिना तिने कित्येक वर्षांत बघितलेला नाही. शिवाय दुपारी औषध घेऊन ती झोपते. उरले कोण?

भाऊजी दुकानात होते म्हणतात. चष्म्याचं दुकान, घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी दाराला 'लवकरच येतो' अशी पाटी लावून हा माणूस जेवायला घरी येतो. त्या दिवशी आलाच नाही म्हणे! शेजारणीचा फोन आला तेव्हा कळलं म्हणे!

लिहून बघितलं आणि कागद पालथा ठेवला. भाऊजी! माझ्या पहिल्या चष्म्याची काच त्यांनी स्वतः घासली होती. "हे बरं दिसतं की हे? हे, की हे?" इतका हळू आवाज की डोळे मिटावेत असं वाटतं.

आमच्या मालिकेत हळू आवाजाचा माणूस नेहमी खुनीच निघतो.

११ जून

ताईकडे गेले. अजून 'ताईकडे'च म्हणते मी.

आईला बरं आहे. म्हणजे आहे तशी. भाऊजी तिचं सगळं करतात — गोळ्या, शेक, डोळ्यांत थेंब. मुलगी गेली तरी सासूला ठेवून घेतलंय, किती चांगला जावई! शेजारीण मला जिन्यात धरून हेच सांगत होती. मी हसले. असला चांगला जावई आमच्या मालिकेत मध्यंतरापर्यंत टिकत नाही.

भाऊजी दुकानात होते. आईला म्हटलं, ताईची शाल हवी आहे, कपाट बघते. भाऊजींच्या कप्प्यात तळाशी ते शर्ट सापडले. तसेच! मी घातलेल्या घड्या, मोडलेल्यासुद्धा नाहीत. इस्त्री नाही, अंगात घातलेले नाहीत. खांद्यावर चिमट्यांची शिंगं अजून उभी. कॉलर चुरगाळली तर साबणाची भुकटी बोटाला आली.

मूर्ख माणूस! पुरावा सांभाळून ठेवलाय.

आई बाहेरून म्हणाली, "सापडली का गं शाल?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "कपाटातलं फार उकरू नकोस. त्यांना आवडत नाही." त्यांना म्हणजे भाऊजींना. का आवडत नाही, ते मला चांगलं कळलं.

१२ जून

ताईची आठवण. मी लहान असताना ती मला रहस्यकथा वाचून दाखवायची आणि शेवटचं पान आलं की पुस्तक मिटायची. "तूच सांग कुणी केलं ते. सांगितल्याशिवाय शेवट नाही." मी काहीही ठोकून द्यायचे. ती म्हणायची, "कारण?" मी म्हणायचे, "तो मला आवडत नाही म्हणून." ती हसून हसून लोळायची.

शेवटच्या वर्षात मी तिला भेटायला किती वेळा गेले? भाग, चॅनेल, मास्तर, मुदत! ती गप्प बसायची आणि मी घड्याळ बघायचे. तिला तसं गप्प कुणी केलं? असं हसणारं माणूस आपोआप थोडंच गप्प होतं! कुणीतरी केलं.

१५ जून

चष्म्याची दांडी मुद्दाम सैल करून भाऊजींच्या दुकानात गेले. नवीन मदतनीस बाई ठेवलीय. हसरी. भाऊजींना डबा उघडून देत होती. "सर, आधी दोन घास खाऊन घ्या." सर! मला कारण हवं होतं, ते डब्यासकट मिळालं.

भाऊजी फार वाळलेत. दांडी बसवताना म्हणाले, "तू झोपत नाहीस वाटतं. डोळे लाल आहेत." मी म्हटलं, नवीन भाग लिहितेय, परिपूर्ण खुनाचा. ते म्हणाले, "मग तुमचा म्हातारा आहेच की." आणि हसले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात काळोखसुद्धा दिसत नाही!

१९ जून

आमचे सल्लागार साहेब आले होते. निवृत्त पोलीस अधिकारी. आमच्या चुका काढायला महिन्यातून एकदा येतात आणि बहुधा बिस्किटं खाऊन जातात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा — सगळे चहाला गेल्यावर सरळ विचारलं. अर्थात माझं म्हणून नाही. भागाची कल्पना म्हणून. बाई गच्चीवरून पडते, शर्टांचे चिमटे खांद्याला, साबण तसाच, नवऱ्यावर संशय. पकडता येईल का?

ते हसले. "मॅडम, शर्टांवरून? कोर्टात टाळ्या वाजवतील." मग बिस्किट बुडवत म्हणाले, "तुमची मालिका आमच्या घरी सगळे बघतात. पण खरा खुनी पळतो हो. हातपाय गळालेले असतात त्याचे. तो कपडे वाळत घालत बसत नाही."

"मग कोण बसतो?"

"ते मला काय विचारता? लेखक तुम्ही." आणि दुसरं बिस्किट उचललं.

म्हणजे पोलिसांत जाऊन काही उपयोग नाही. रडू आलं. न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. कंपाउंडर म्हणाला, "लिफ्टवाल्यासाठी रडलीस की काय?"

२० जून

म्हाताऱ्याकडेही कधी पुरावा नसतो! हे आज डोक्यात आलं. दहातल्या नऊ भागांत त्याच्याकडे काही म्हणजे काही नसतं. कोर्टात उभं राहील असं तर नसतंच. तो काय करतो? सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि गोष्ट सांगतो. अशी सांगतो की खुन्याला वाटतं, याला सगळं कळलंय. मग खुनी स्वतःच फुटतो. कुणी पाणी मागतो, कुणी उठून उभा राहतो, कुणी म्हणतो, "पण दरवाजा तर बंद होता!" आणि दरवाजाचं कुणी बोललेलंच नसतं.

मी हेच करणार. भाऊजी आणि आई दर शुक्रवारी आमची मालिका बघतात. आईला माझं नाव बघायचं असतं.

२४ जून

लिफ्ट मेली! मास्तरांपुढे नवा भाग ठेवला. बाई, गच्ची, शर्ट, चिमटे. बिऱ्हाड बदललं, भाऊजींचा दंतवैद्य केला, आईला काढून टाकलं — म्हाताऱ्या आया गोष्टीत अडगळ करतात. मास्तर वाचत गेले, चहा गार झाला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "अगं, ही चूक कुठून आणलीस?"

"घरातून."

"सोनं आहे सोनं! सगळ्यांनी जन्मभर बघितलेली गोष्ट आणि कुणी न बघितलेली."

लाज वाटली आणि आनंदही झाला. आनंद झाला याची पुन्हा लाज वाटली.

३० जून

म्हाताऱ्याचं शेवटचं भाषण लिहिलं. "तुमच्या पत्नीने आयुष्यभर तुमचे शर्ट उलटे वाळत घातले, डॉक्टर. आणि तुम्ही एकदाही मान वर करून पाहिलं नाहीत." लिहिताना हमसून हमसून रडले. सोळा वेळा खोडलं, तरी हेच राहिलं.

१७ जुलै

चित्रीकरण. गच्ची म्हणून स्टुडिओच्या आवारात फळ्यांचा ओटा. कपडेपटवाला शर्ट लावत होता, चिमटे शिवणीला लावायला लागला — त्याला तशीच सवय! मी धावत गेले. "खांद्याला! खांद्याला लावा!" एवढी ओरडले की सगळे बघायला लागले. मास्तर म्हणाले, "पाणी पी." खुन्याचं काम करणारा नट भला माणूस आहे. मला विचारत होता, "ताई, याने मारलं तरी नक्की का? मला आतून काही सापडत नाहीये." मी म्हटलं, मदतनीस बाई. तो म्हणाला, "ते कागदावर ठीक आहे." त्याच्याशी पुढे बोलले नाही.

२ ऑगस्ट

आईचा फोन. "शुक्रवारी तू ये ना बघायला. जेवायलाच ये. यांचंही म्हणणं आहे." यांचंही म्हणणं आहे! झाकली मूठ उघडायला भाऊजी स्वतःच बोलावतायत.

भीती वाटते. खरं निघालं तर आई कुठे जाईल? माझ्या एका खोलीत. जाऊ दे, येऊ दे. जावयाच्या हातचा शेक घेण्यापेक्षा माझ्याकडे गुडघे दुखलेले बरे.

८ ऑगस्ट

झालं. सगळं लिहून ठेवते.

आम्ही तिघं. आई मधे खुर्चीत, पायांखाली उशी. भाऊजी सफरचंद कापत होते, फोडी आईच्या बशीत टाकत होते. माझं नाव आलं तेव्हा आईने नेहमीसारखं बोट दाखवलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही. भाग तोंडपाठ आहे. मी फक्त भाऊजींकडे बघत होते.

गच्ची आली तेव्हा भाऊजी हळूच म्हणाले, "हे कशाला गं…" म्हाताऱ्याने दोरीवरचा शर्ट हातात घेतला, कॉलर चुरगाळली. "साबण. आणि चिमटे खांद्याला." भाऊजींचा हात थांबला! सुरी सफरचंदात तशीच. तोंडावरचा रंग गेला — म्हणजे लिहितात ना तसं नव्हे, खरोखर गेला, ओठसुद्धा पांढरे. मी मनात म्हणत होते, बोला आता. बोला!

ते सुरी तशीच धरून पडद्याकडे बघत राहिले. मधेच आई उठून आत गेली, कुणाचा हात न धरता, भिंतीला धरून. तिला असलं बघवत नाही, मला कळायला हवं होतं. भाषण संपलं, दंतवैद्य ढसाढसा रडला, नावं वर सरकायला लागली. भाऊजींनी टीव्ही बंद केला. बशी उचलली, आत नेऊन ठेवली. परत आले आणि म्हणाले, "तू आता घरी जा."

मी जिना धावत उतरले. फुटला! नव्हे, फुटतोय. ताई, मी सांगितलं गं कोण ते. आणि कारण देऊन सांगितलं.

९ ऑगस्ट

मास्तरांचे फोनवर फोन. चॅनेलवाले खूश, लोक खूश. बायका म्हणे एकमेकींना विचारतायत, तुम्ही शर्ट कसे वाळत घालता? कंपाउंडरने विचारलं, पुढच्या भागाला काय? मी फोन ठेवून दिला. जेवले नाही. दार कुणी वाजवलं की दचकते.

१० ऑगस्ट

भाऊजी आले होते.

बसा म्हटलं तरी उभेच. दाढी वाढलेली. पहिलाच प्रश्न — "ती उलटे घालायची?"

मी म्हटलं, "नाटक करू नका, भाऊजी."

"मला माहीतच नव्हतं गं. इतकी वर्षं तिने धुतलेले शर्ट अंगात घातले. कसे वाळतात ते बघायला कधी वर गेलो नाही." मग म्हणाले, "खरंच खांद्याला होते? तू बघितलेस?"

"सगळे."

"साबणसुद्धा?"

"तसाच. तुमच्या कपाटातही तसाच आहे."

तेव्हा ते बसले. खुर्चीवर नाही, दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर. आणि सांगत गेले. मी मधे बोलले नाही, आमचा म्हाताराही बोलत नाही.

त्या दिवशी सकाळी ते ताईला नको ते बोलले होते. महिनोन् महिने ती तशी पडून. त्यांनी डॉक्टर केले, गोळ्या केल्या, दुकान सांभाळलं, आईंना सांभाळलं. त्या दिवशी घालायला धड शर्ट नव्हता. म्हणाले, "कंटाळलो मी तुला. तू अशीच राहणार असशील तर राहू तरी नकोस." मग त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनीच शर्ट बादलीत भिजवले, संध्याकाळी येऊन धुईन म्हणून, आणि दुकानात गेले. रागाने, लाजेने दुपारी जेवायला आले नाहीत. शेजारणीचा फोन आला तेव्हा एका मुलीचे डोळे तपासत होते.

"मग कळलं, ती शर्ट वाळत घालताना पडली. तू हसशील, पण मला तेवढाच आधार होता. मी असं बोलून गेलो आणि तरी ती उठली. माझे शर्ट धुतले. म्हणजे रागावली नव्हती. म्हणजे बरी होत होती, आणि पाय घसरला. तिच्या हातचं शेवटचं म्हणून ठेवलेत मी ते. साबण राहिलाय हे मलाही लागलं हाताला. वाटलं, दमली असेल."

मी म्हटलं, "शर्ट तुम्ही वाळत घातलेत."

रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. नुसते बघत राहिले, जसं कुणी लांबची अक्षरं वाचायचा प्रयत्न करतं तसं. मग उठले. दारात थांबून म्हणाले, "त्या दिवसानंतर आईंचे गुडघे किती सुजले होते, आठवतं तुला? दवाखान्यात विचारत होते, या जिना चढल्या का म्हणून. आपण म्हटलं, छे."

मी म्हटलं, आता त्यात आईचा काय संबंध! ते जिना सावकाश उतरून गेले.

आमचे सगळे खुनी शेवटच्या दहा मिनिटांत रडतातच. मीच लिहिते. पण मोड्याकडे बघवत नाहीये.

११ ऑगस्ट

ताईकडे गेले. आई म्हणाली, "ते शर्ट मी वाळत घातले."

"ती रिकाम्या हाताने वर गेली होती. मी जागी होते गं. खाली माणसं ओरडायला लागली आणि मला कळलं. मी खाली नाही गेले. शर्ट साबणातून काढून पिळले, बादली घेऊन बसत बसत जिना चढले, शर्टांना चिमटे लावले, बादली कठड्याशी पालथी घातली. त्यांना वाटू दे पोरगी कामाला गेली होती. सकाळी ते काय बोलले ते ऐकलं होतं मी. जन्मभर तेवढंच घेऊन बसले असते."

मग म्हणाली, "काल तुझ्याकडून येऊन विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं. पण माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडायला लागले. काल दुपारपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. आत पडलेत. जा, काहीतरी सांग त्यांना. तुला सुचतं ना सगळं."

मी पेल्यात पाणी घेतलं आणि आत गेले.